दव गोठायच्या आधी

डेट्रॉइटमधल्या त्या सामायिक बागेत नऊ नंबरचा वाफा ओडेसा प्रुइटचा. एकवीस वर्षं झाली. बाकीचे लोक उन्हाळ्यात टोमॅटो न् भेंडी वाटपाच्या टेबलावर मिरवायचे. ओडेसाचा जीव मात्र कोलार्डच्या पालेभाजीत. सुपाएवढी पानं व्हायची, पण पहिलं दव गोठल्याशिवाय ती पानाला हात लावू देत नसे. त्याआधी भाजीत गोडी उतरत नाही, हे आईनं अलाबामाहून आणलेलं शास्त्र. त्यात तडजोड नाही.

हे शास्त्र मानणारी दुसरी बाई एकच, थोरली बहीण व्हर्नेल. दव गोठलं की ती यायची, पहिला घास घ्यायची आणि खोड काढायची. "मीठ तोलून घालतेस का गं? हात आखडतो का तुझा?" मग दोघी भांडत भांडत पातेलं रिकामं करायच्या.

मार्चमध्ये व्हर्नेल गेली. तरी जुलैत ओडेसानं सवयीनं चोवीस रोपं लावली. एकट्या जिवाला सहा पुष्कळ झाली असती, हे काय तिला कळत नव्हतं? पण व्हर्नेलच्या नावानं एकदा गोडी उतरलेली भाजी शिजवायची होती. मग वाफा सुटला तरी चालेल.

यंदा मेली थंडीच लांबली. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बाग बंद. सगळे वाफे मोकळे करायचे, असा नियम. बागेचं पाहणारी डेल्फीन तिशीतली, कामाला वाघ.

"एक आठवडा थांब गं पोरी," ओडेसा म्हणाली. "दव गोठू दे."

"बघते मी, मिस ओडेसा. तुम्ही आधी गुडघ्यांना जपा."

"गुडघे घाल चुलीत. माझा वाफा माझी मी बघीन."

डेल्फीन हसली. म्हातारीला वाकवत नाही आणि सांगायला लाज वाटते, एवढाच अर्थ तिनं काढला.

शनिवारी दुपारी ओडेसाच्या दारात चार पिशव्या आल्या. पानं तोडून, धुऊन, देठसुद्धा काढलेले. "सगळ्यांनी मिळून केलं तुमच्यासाठी!" डेल्फीनचे हात गार पाण्यानं काकडले होते, आणि चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. ओडेसाच्या जिभेवर आलेली शिवी तिथंच विरली.

"आत ये," ती म्हणाली. "आता जेवूनच जा."

टर्कीचं धुरावलेलं हाड घालून तिनं भाजी दोन तास शिजवली. चव पाहिली. कडवट! साखर घालावी असं क्षणभर वाटलं, पण तिनं घातली नाही. पोरीला कळू दे. ती तोंड वाकडं करेल, तेव्हा द्यायचं उत्तर ओडेसानं तयार ठेवलं होतं: मग आठवडाभर थांबायला काय धाड भरली होती?

मक्याच्या पावाबरोबर डेल्फीननं पहिला घास घेतला. ओडेसा टक लावून बघत राहिली.

"काय छान झालीय हो! अशी भाजी मी जन्मात खाल्ली नाही."

पोरगी तोंडदेखलं बोलत नव्हती. तिला खरंच आवडली होती. ही भाजी कडू आहे हे कळणारं माणूस आता अख्ख्या गल्लीत एकच उरलं होतं. 

"आणखी घे," ओडेसा म्हणाली आणि पातेलं पुढं सरकवलं.