निळ्याने धरलेला डूख

फरशांच्या कारखान्यात निळा रंग दळायचं काम एकाच माणसाकडे होतं. सकाळी कोबाल्टची पूड चक्कीत ओतायची, संध्याकाळी चाळून डब्यांत भरायची. तळहातांच्या रेघांत निळाई इतकी मुरली होती की सगळे त्याला निळ्याच म्हणायचे. बाप दारूपायी गेलेला, म्हणून हा खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून मगच प्यायचा.

असा हा माणूस हळूहळू लाल दिसायला लागला. आधी कानांच्या पाळ्या, मग गाल, मग डोळे. डोकं जड व्हायचं, चालताना झोक जायचा. दळणखोलीतला हवा ओढणारा पंखा बंद पडला होता. निळ्याने मुकादमाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पंखा नाही, तुझं डोकं फिरतंय."

एका सकाळी निळ्याच्या हातून भरलेला डबा सुटला. मुकादमाने सगळ्यांना गोळा केलं. "अरे, निळ्या लाल झाला! सकाळीच लावून आलाय. मालक, वास घ्या याच्या तोंडाचा. बाप तसा बेटा!"

नोकरी त्याच दिवशी गेली. घरी बायकोने त्याचा सदरा गुपचूप नाकाला लावून पाहिला, ते त्याला दिसलं. नोकरीपेक्षा ते हुंगणं त्याच्या जास्त जिव्हारी लागलं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, कामाची चौकशी केली आणि बायकोकडे वळून म्हणाल्या, "हे पीत नाहीत. यांचं रक्त दाट झालंय."

मग त्यांनी नीट समजावलं. "पेशीत एक प्रथिन सारखं तयार होत असतं. त्याचा निरोप एकच, हवा कमी पडतेय, रक्त वाढवा. पण प्राणवायू पुरेसा असला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या प्रथिनाला प्राणवायू-हायड्रोजनची छोटीशी जोडी चिकटवतं. ती चिकटली की पेशी त्या प्रथिनाचा चुरा करते, निरोप जातच नाही. या विकराला लोह लागतं. तुमच्या अंगात लोहाच्या जागी कोबाल्ट जाऊन बसलं आणि विकर ठप्प झालं. छातीभर हवा असूनही शरीराला वाटतंय की तुम्ही गुदमरताय. म्हणून ते रक्तावर रक्त बनवत सुटलंय."

बायको तिथेच रडायला लागली. बाईंनी अधूनमधून रक्त काढलं, त्या धुळीत परत पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. चेहरा निवळला. डोकं मात्र निवळलं नाही. निळ्याने कारखान्याच्या फाटकासमोरच पंक्चरचं दुकान टाकलं.

"दुसरीकडे बसा की," बायको म्हणाली.

"मला तो माणूस रोज दिसायला हवा."

निळ्याच्या जागी कुणी टिकेना, तेव्हा मालकाच्या नजरेत भरावं म्हणून मुकादम स्वतःच चक्की चालवू लागला. पंखा तसाच बंद. काही महिन्यांनी तो स्कूटरमध्ये हवा भरायला आला. "काय निळ्या, सुटली का दारू?"

निळ्याने त्याच्या कानांच्या पाळ्या पाहिल्या आणि काय ते ओळखलं. एक वाक्य बोललं असतं तर पुरे होतं. "तब्येत छान दिसतेय," तो म्हणाला. "लाली आलीय चेहऱ्यावर."

"खात्यापित्या घरचा आहे मी!" मुकादम हसला.

निळ्याने चाकात हवा भरली आणि वाट बघत बसला.

पुढे मुकादम भर आवारात, मालकाच्या पायांशीच कोलमडला. "उघड तोंड," मालक ओरडला. कामगार हसत होते. निळ्या हातातला टायर खाली ठेवून फाटकाशी उभा राहिला आणि डोळे भरून बघत राहिला.

संध्याकाळी तो मुकादमाच्या घरी गेला. मुकादम खुर्चीत बसला होता, डावा हात लोंबत होता. "आईशपथ, थेंबही घेतला नव्हता रे," तो पुटपुटला.

"माहीत आहे. कोबाल्ट आहे ते. तुम्ही हवा भरायला आलात ना, तेव्हाच कळलं मला."

"तेव्हाच? मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या तोंडाचा वास कुणी घेतंय का, ते बघायचं होतं."

मुकादम उठायला गेला, उठवलं नाही. त्याची बायको किंचाळली, "तुझं तळपट होईल, मेल्या!" निळ्याने शांतपणे डॉक्टरबाईंचा पत्ता सांगितला आणि तो निघाला.

उपचारांनी मुकादमाचा चेहरा निवळला, पण दाट झालेल्या रक्ताची गाठ डाव्या हातात अडकली होती. डाव्या बोटांत जोर परत आला नाही. मालकाने घाबरून पंखा दुरुस्त केला.

"वेळेवर सांगितलं असतंत, तर बोटं वाचली असती त्याची," जेवताना बायको म्हणाली.

"वाचली असती."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने ताट पुढे केलं. "भात वाढ अजून थोडा."