आठवी पट्टी

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला सांगायला तीन-चारदा तोंड उघडलं आणि दर वेळी दुसरंच बोललो – भाजी काय आणू, गॅस आला का, असलं काहीतरी. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही सुमनकाकूंना ओळखत नाही. की ते कारण नाहीच? कुणास ठाऊक.

साउंड कार्डापासून सुरू करतो, म्हणजे जरा धीर येईल. राज्याचे दोन तुकडे झाले, तेव्हाची गोष्ट. छत्तीसगड वेगळं निघालं आणि सरकारी नोकरांच्या याद्या लागल्या – कोण इकडे, कोण तिकडे. आमच्या शेजारच्या काकांचं नाव रायपूरच्या यादीत आलं. काका मुकाट्याने सामान बांधायला लागले. पण काकू म्हणजे पाटणकर बाजारातल्या आमच्या मराठी भजनी मंडळाचा मुख्य आवाज. वीस वर्षं काकूंनी सुरू करायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. त्या जाणार, तर निदान आवाज तरी इथे ठेवून जा, असं सगळ्या बायकांचं म्हणणं पडलं.

आणि मी महाशहाणा! नुकतंच आठ माइक एकदम घेणारं कार्ड कॉम्प्युटरात बसवलं होतं. लश्कर म्हणजे शहराचा आमचा भाग, त्यात सगळीकडे सांगत फिरत होतो, रेकॉर्डिंगला आता इंदूरला कशाला जायचं, अपन हैं ना! खरं सांगू? मला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. पडद्यावर मिक्सर उघडायचा – आठ पट्ट्या, प्रत्येकीवर आवाज कमी-जास्त करायचा दांडा आणि त्याखाली दोन चौकटी. एका चौकटीत खूण केली की आवाज हेडफोनमध्ये जातो. दुसरीत केली की हार्ड डिस्कवर जातो, म्हणजे खराखुरा रेकॉर्ड होतो. वाटा दोन, आणि एक उघडी आहे म्हणून दुसरी उघडी असेलच असं नाही. आज किती सरळ सांगतोय बघा! तेव्हा डोक्यात नुसता गोंधळ होता – कुठली वायर कुठल्या पट्टीवर, लाल दिवा का लागतोय, तबला एवढा का धडकतोय. पाच बायका, पेटी, तबला मिळून सात माइक, आणि आठवा काकूंचा.

दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये काकू तासभर गायल्या. हेडफोन माझ्या कानावर. मध्ये पाणी प्यायला थांबल्या तेव्हा मी तो त्यांच्या कानाला लावला आणि म्हटलं, एक ओळ म्हणा. म्हणाल्या, आणि लाजल्याच. ‘अगंबाई, ही मी?’

संध्याकाळी घरी फायली उघडल्या. सात पट्ट्यांवर भरगच्च आवाज आणि आठवीवर – सरळ रेघ. काहीच नाही. माझ्या छोट्या पडद्यावर सातच पट्ट्या मावायच्या. आठवी बघायची तर खाली सरकवावं लागायचं. गाणं सुरू झाल्यावर एकदाही सरकवलं नव्हतं मी. हेडफोनची खूण केली होती, दुसरी राहिली होती. राहिली, की मी काढली? लाल दिवा घालवायच्या नादात काय काय दाबलं, काही आठवत नाही. माझी तर पाचावर धारण बसली. काकू होत्या – बाकीच्यांच्या माइकमध्ये झिरपलेल्या. पलीकडच्या खोलीत कुणी काम करता करता गुणगुणावं, तेवढ्या.

त्यांचा ट्रक निघायला तीन दिवस होते. तीन! हॉलची किल्ली माझ्याच खिशात होती. ‘काकू, माझी चूक झाली, पुन्हा गा’ – एवढंच म्हणायचं होतं. त्या आनंदाने गायल्या असत्या. मग का नाही म्हटलं? अख्ख्या लश्करात शेखी मिरवली होती म्हणून? एवढ्यासाठी? आजवर मला याहून मोठं कारण सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकांना सीडी ऐकवली. काकू एवढ्या लांब का ऐकू येतात, त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडातून गेलं – त्यांचा सूर उतरत होता, म्हणून मुद्दाम मागे ठेवला. ‘आम्हाला तर बरोबर वाटत होता की,’ एक जण म्हणाली. मी म्हटलं, हेडफोनमध्ये बारीक कळतं. मशिनीपुढे कोण बोलणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः दारात. कुणीतरी पोचवलं होतंच. ‘अरविंद, खरंच उतरतो का रे माझा सूर?’ डोळ्यांत डोळे घालून विचारलं. अजून वेळ होता. अजूनही होता हो! मी म्हणालो, ‘थोडा... वयामुळे होतं, काकू.’

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, ‘बरं झालं तू तरी सांगितलंस. बाकीचे तोंडावर गोडच बोलतात.’ मग पिशवीतून स्वतःचे टाळ काढून माझ्या हातात दिले. मंडळात दे, मला आता तिकडे कशाला, म्हणाल्या. मी ते घेतले. घेतले मी ते!

नऊ-दहा वर्षांनी महाराज बाड्याजवळ एका लग्नात त्यांची मुलगी भेटली. मोठ्या कौतुकाने सांगत होती – रायपूरच्या मराठी बायका आईला बोलवायला दोनदा आल्या, पण आई गेलीच नाही. घरातसुद्धा गात नाही. म्हणते, आमच्या अरविंदने वेळेवर सांगितलं म्हणून चारचौघांत लाज वाचली. मी ‘हो का’ म्हटलं. पानातली जिलबी संपवली.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. ती आठवी फाइल अजून माझ्याकडे आहे, त्यांच्या नावाची. कधी कधी लावतो आणि सरळ रेघेवरून काटा सरकताना बघत बसतो. का लावतो, मला कळत नाही.

त्या दुपारी काकूंचा आवाज नीट, अगदी कानाशी, मी ऐकला होता. तासभर ऐकला.

सूर उतरला नव्हता. एकदाही नाही.