गॅरेजातला खड्डा

चहाचा कप आधी खाली ठेवा. हे ऐकताना आमच्या शाळेच्या शिपायाच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचं पाप मला पुन्हा नको!

गोव्याला नवा नवा राज्याचा दर्जा मिळाला होता आणि मला नवी नवी जुनी गाडी. वाळपईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. पोर्तुगीज काळातली, दुधाच्या सायीच्या रंगाची, दोन दारांची, पुढे बेडकासारखे बाहेर आलेले दिवे. एवढीशी, की मागे दोघं बसायचे तर त्यांचं आपसात चांगलं असावं लागे. सकाळी हँडल मारून तिला उठवायचं. पण डौल काय विचारता! डिचोलीच्या बाजारातून निघालो की लोहखनिजाचे ट्रकसुद्धा मला वाट देतात असं वाटे. देत नसत ते, पण मला वाटे.

अशी गाडी उघड्यावर ठेवायची? शक्यच नाही! मी हायस्कुलात भूगोल शिकवणारा माणूस, नकाशे काढण्यात हात बसलेला. रात्रंदिवस खपून आदर्श गॅरेजचा नकाशा तयार केला. जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, पान्यांसाठी खुंट्या, हवेसाठी तीन खिडक्या, म्हापशाहून आणलेलं लोखंडी शटर.

बायकोने, म्हणजे सुशीलाने, नकाशा पाहिला. "आपल्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे हो," एवढंच म्हणाली.

तिच्या बोलण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

भिंती झाल्या, पत्रे चढले, शटर बसलं. राहिला फक्त खड्डा. गाडी वर उभी करायची, आपण खाली उतरायचं आणि तिचं पोट खालून तपासायचं. खरी ऐट त्या खड्ड्यातच! हे काम मी गुपचूप करायचं ठरवलं, कारण शेजारचा बाबुसो.

बाबुसो मूळचा सावंतवाडीकडचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. माझ्या गाडीला तो 'डबी' म्हणे. याला एकदम तयार गॅरेज दाखवून गप्प करायचं, हा माझा बेत. म्हणून दुपारी शाळा सुटली की शटर खाली ओढून मी आत कुदळ चालवी. निघालेली लाल माती मागे कुंपणाला टाकी.

एकदा बाबुसोने मला मातीची पाटी घेऊन जाताना पकडलंच.

"मास्तरांनू, शटर लावन भितर काय करतास?"

"काही नाही रे. जरा खोल जातोय."

त्याने पाटीतला एक काळसर दगड उचलला, तळहातावर तोलला. "ह्यो दगड जड असा हां!"

"असू दे. हे बघ, एवढ्यात कुणाला सांगू नको."

बस्स! एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवसापासून जग बदललं. पाव विकणाऱ्या पदेराने रोजच्या पावांत एक गोल उंडा जास्त टाकला. हेडमास्तर स्वतः उठून मला खुर्ची देऊ लागले. तीन वर्षं माझ्याशी न बोलणारा सरपंचांचा पुतण्या "मास्तर, प्रकृती कशी आहे?" विचारून गेला. मी सुशीलाला म्हटलं, "बघितलंस? दारात गाडी आली की माणसाची पत अशी वाढते!"

रविवारी माझा मेहुणा दत्ताराम केरीहून बांगडे घेऊन आला. जेवण झाल्यावर मला कोपऱ्यात ओढून कुजबुजला, "भावोजी, तुमच्या वाड्यावर कुणाच्या तरी आवारात खनिज लागलंय म्हणे! केरीच्या समुद्रापर्यंत बातमी आलीय. कोणाकडे हो?"

कोणाकडे? मी खिडकीतून पाहिलं, तर बाबुसो आपल्या गोठ्यामागे घामाघूम होऊन खणत होता! वर आडोशाला नारळाच्या झावळ्यांची झापं लावलेली.

मी सहज गेल्यासारखा कुंपणाजवळ गेलो. "काय बाबुसो, काय चाललंय?"

तो दचकला. "शेणखताचो खड्डो, मास्तर."

त्याच्याकडे एक म्हैस होती. तीही आटलेली. आणि खड्डा त्याच्या खांद्याएवढा!

माझं भूगोलाचं ज्ञान एकदम जागं झालं. खनिजाचा थर काही कुंपण बघून थांबतो का? त्याच्याकडे लागलंय म्हणजे तो थर सरळ माझ्या गॅरेजखालून जातोय! गाडीचा खड्डा केव्हाच पुरेसा झाला होता. पण मी शटर ओढलं, शिडी सोडली आणि पुन्हा खणायला लागलो. माझा धप्प आवाज आला की पलीकडून त्याचा धप्प. मी जोर केला की तोही जोर करी. सुशीला विचारी, "अहो, गाडी उभी ठेवणार आहात की पुरणार आहात?" मी आणखी एक पाटी भरी. होणाऱ्या खाणमालकाने काय काय उत्तरं द्यावीत?

आमचं घर शेताच्या कडेला, उतारावर. एका दुपारी कुदळ मऊ चिखलात रुतली. ओढून काढली, तर खालून बुडबुड असा आवाज. पाय गार पडले. मग गुडघे. शिडीकडे वळायला गेलो, तर चिखलाने दोन्ही पाय धरलेले!

"सुशीला! बाबुसो! धावा!"

शटर धाडकन वर गेलं. आधी बाबुसोचं तोंड दिसलं, आनंदाने लाल झालेलं.

"गावला?"

"पाणी! दोर टाक!"

दोन्ही हातांनी ओढून त्याने मला वर काढलं. काठावर बसून दोघेही धापा टाकत होतो. मी म्हटलं, "पाणी लागलं मला. तुझं नशीब मोठं, तुला खनिज लागलं."

"माका?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमका लागला म्हणान मी खणूक लागलंय!"

"मला लागलं, हे कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच! वर 'कुणाक सांगू नको' म्हणालास!"

"आणि तू सांगितलंस?"

"सगळ्यांक," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

सुशीला शटरला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की शटर खडखडायला लागलं.

पाणी मात्र गोड निघालं. आता चिरे लावून ते बांधून घेतलंय. सबंध डिचोली तालुक्यात लांबट चौकोनी, तीन खिडक्यांची, शटर असलेली विहीर एकच. सकाळी बायका कळश्या घेऊन येतात आणि खुशाल हाका मारतात, "मास्तर, गॅरेज उघडा!"

गाडी बाहेर, फणसाखाली.

परवाच एक अनोळखी गृहस्थ शटर पाहून थांबले. त्यांच्या गाडीच्या बॉनेटमधून वाफा निघत होत्या. मला मेकॅनिक समजून म्हणाले, "मेस्त, गाडी तापलीय. गॅरेजात थोडं पाणी मिळेल?"

मी शटर वर केलं आणि कळशी सोडली. माझं आदर्श गॅरेज शेवटी एका गाडीच्या उपयोगी पडलं. माझ्या नाही, एवढंच!