करमाडनं दोन मतं वेगळी का दिली?

मंडळी, आज आपल्या दख्खन देशाचा आणि मराठवाडा राज्याचा निकाल एकदमच लागला. करमाडनं देशासाठी कारखाने आणू म्हणणारा पक्ष निवडला, राज्यासाठी मात्र विद्यापीठाचं नामांतर करू म्हणणारा.

माझ्या वर्कशॉपमधल्या भीमरावनं नामांतराच्या दंगलीत करमाड सोडलेलं. तो म्हणाला, "लबाड बोलतोय टीव्ही."

करमाडच्याच मेंढपाळ घरातला, वर्कशॉपमध्येच कामाला असलेला सखाराम जेवता जेवता त्याला म्हणाला, "आमच्या अख्ख्या आळीनं नामांतराला मत दिलं. रोज तुझ्या डब्यातलं खातो, तुझ्या मागण्याला नाय कोणत्या तोंडानं म्हणू?"

"मग सांगितलं का नाय?"

"तू कवा इचारलंस?"

माझे कान तिखट, पण हे मलाही कळलं नव्हतं. रविवारी भीमराव सखारामकडं जेवायला करमाडला चाललाय.

तुमच्यासोबत जेवणाऱ्याला तुम्ही कधी विचारलंय?