मुठीतले हरभरे

भिजवलेले हरभरे आजही माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

सत्तरच्या दशकातली वर्षं. पोलीस भरतीसाठी मी रोज सकाळी केनवडच्या रस्त्यानं पळायचो. त्या रस्त्यावर पन्नाशीचा एक गडी गिट्टी फोडत बसलेला असायचा. दहा घाव उजव्या हातानं घालायचा, मग दहा डाव्यानं. मधेच उठून चार बैठका काढायचा. मी दिसलो की "जय भीम" म्हणायचा. मी नुसती मान हलवायचो.

एकदा त्यानं मला थांबवलं. "बाबू, नुसता पयून काय होते? दंड मार, बैठका काढ. एकाच अंगाले राबवलं तं ते रुसते." मग ओल्या फडक्यातले हरभरे मुठीत घेऊन पुढे केले. "खाय. उपाशी पयू नको."

"पोट भरलंय," मी म्हणालो. पोटात फक्त कपभर चहा होता. पण त्याच्या हातचं खायचं नाही, एवढं आमच्या घरानं न सांगता शिकवलं होतं. तो रोज मूठ पुढे करायचा, मी रोज तेच सांगायचो. त्यानं सांगितलं म्हणूनच बहुधा दंडबैठकाही कधी काढल्या नाहीत.

भरतीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पडलो.

दुसऱ्या दिवशी चालत त्याच्यापाशी गेलो, सगळं सांगितलं. तेव्हा त्यानं मूठ पुढे केली असती, तर मी खाल्लं असतं. त्यानं फडक्याची गाठ सोडलीच नाही.

"तुमचं पोट भरलं असन," तो म्हणाला, आणि हातोडा डाव्या हातात घेतला.