कॅमेरा खाली ठेवला नाही

रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, माझं सगळं माहीत आहे. मी झोपेत काय बडबडतो तेसुद्धा. पण ही एक गोष्ट तिला माहीत नाही. आईलाही सांगितली नाही. शेगावला महाराजांच्या समाधीपुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातही नीट उच्चारता आली नाही, तिथं भलतंच काहीतरी मागून बाहेर आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं जरा सोपं जाईल असं वाटतंय. बघू.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. बुलडाण्याजवळ धाड गावात दुकान आहे. हळद, साखरपुडा, लग्न, जावळ, काय म्हणाल ते. मिक्सिंगही मीच करतो. नवरानवरीवर गुलाबाच्या पाकळ्या उधळतो, त्यांना बदामात बसवतो, ज्यांनी आयुष्यात बुलडाण्याचा घाट ओलांडला नाही त्यांच्या मागं बर्फाचे डोंगर उभे करतो. आता पेनड्राइव्ह देतो, पण लोक अजून कॅसेटच म्हणतात. आणि कॅसेट लावली की ते काय बघतात? नवरी? छे. जो तो स्वतःला शोधत असतो. थांब, मागं घे, तिथं मी होतो! मामाचं तोंड आलं नसेल तर मामा वर्षभर माझ्याशी बोलत नाही. शूटिंग कसं झालं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. माझा हात दगडासारखा स्थिर आहे, स्टँड लागत नाही — याचा मला केवढा अभिमान होता. तोही मलाच.

प्रमोद माझा दोस्त. माझ्यापेक्षा थोडा लहान, म्हणून मला भाऊ म्हणायचा. कॅमेरा धरायला मीच त्याला शिकवलं, सीझनमध्ये आम्ही जोडीनं ऑर्डरी करायचो. त्याला एक नाद होता. सापडलेल्या कॅसेटचे सिनेमे बघायचा. म्हणजे असं, की त्यात गाणं नाही, संगीत नाही, कुणाचं नाव येत नाही. कुणाचा तरी कॅमेरा सापडला आणि त्यात हे होतं, एवढंच. आणि पुष्कळदा त्या सिनेमात कॅमेरा धरणाराच खुनी असतो. एकामागून एक माणसं मारत सुटलेला. तो गोड बोलतो, समोरच्याला हसवतो, आणि आपण त्याच्याच डोळ्यानं बघत बसतो.

मला ते सगळं येडपटपणाचं वाटायचं. मी त्याला चिडवायचो, "बे, एवढं होऊन राह्यलं अन् लोकं शूटिंग करत बसतात? कॅमेरा खाली ठेवून पळत काऊन नाहीत?"

तो हसायचा. "ठेवता येत नाही, विलासभाऊ. कॅमेरा हातात हाय तवर माणूस त्यातला नसते. ठेवला का झाला त्यातला."

मी म्हणालो, चहा सांग.

मग त्यानं स्वतःच तसला सिनेमा केला. मोबाईलवर. धाड-बुलडाणा रोडवर काळीपिवळी जीप चालवणारा एक ड्रायव्हर. गाडीत मोबाईलवर शूटिंग चालू ठेवतो, प्रवाशांची चौकशी करतो, आणि त्यातला जो एकटा उरतो तो घरी पोचत नाही. ड्रायव्हर झाला सुखदेवभाऊ. हा खराच काळीपिवळीवाला, आमच्याच रोडचा. पोटाचा घेर मोठा, आवाज मऊ, म्हाताऱ्या बायांची गाठोडी स्वतः उतरवून देणारा माणूस. मला वाटलं, कॅमेऱ्यासाठी प्रमोद मला बोलावणारच. दुसरं कोण आहे? तर तो म्हणतो कसा — "तुमचा हात लय स्थिर हाय, विलासभाऊ. याले थरथर पाहिजे."

हसत म्हणाला तो. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

एका रविवारी दुपारी त्यानं त्याच्या घरी पडद्यावर तो सिनेमा दाखवला. खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवर चादर. शेजारपाजारचे सतरंजीवर शेंगा खात बसले होते, रेखा आणि मीही होतो. सांगायचं तर त्यात रक्ताचा थेंब नाही. शेवटच्या सीटवर एक बाई उरते. सुखदेवभाऊ आरशात बघून मऊ आवाजात विचारतो, "घरी सांगून निघाल्या ना, ताई?" ती म्हणते, नाही. गाडी हळू होते. थांबते. बस, एवढंच. खोलीत शेंग फोडल्याचासुद्धा आवाज नव्हता. रेखानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या.

दिवे लागले तसे सगळे एकदम हसायला लागले. एकजण म्हणाला, "पमा, लाव ना बे तो तुकडा पुन्हा." ज्याला भ्यायले तेच परत मागत होते! माणसं असं का करतात? मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच जळलं. लग्नाची कॅसेट लोक बघतात ती आपण त्यात आहोत का हे बघायला. हा सिनेमा बघतात तो आपण त्यात नाही हे बघायला. त्या गाडीत दुसरं कुणीतरी बसलंय, आपण सतरंजीवर आहोत, शेंगा अजून संपायच्यात. ही सुटका प्रमोदनं त्यांना दिली होती आणि त्यासाठी ते त्याच्या पाठीवर थापा मारत होते. रेखा म्हणाली, "भाऊजी, जीवच काढला तुम्ही." डोळ्यात पाणी होतं तिच्या, आणि हसत होती. माझ्या कुठल्या कामाला ती अशी हसली होती? कुठल्याच नाही.

हेवा वाटला. दुसरा शब्द नाही. घरी येईपर्यंत माझी लाळ कडू झाली होती.

आता इथं मी थोडं थांबतो. इथवर जो मी आहे, तो तुम्हाला चालण्यासारखा आहे. हेवा कुणाला वाटत नाही?

प्रमोदनं सिनेमा माझ्याकडं आणून दिला, नावं टाकायला. नावं शेवटीच टाकायची, आधी टाकली तर मजा जाते — हा सल्लाही माझाच होता. "नावं तुमच्याच हातची पाहिजेत," म्हणाला. मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. आणि एक दिवस दुकानात बसून मी तो शेवटचा तुकडा कापला आणि आमच्या रोडच्या प्रवाशांच्या एका ग्रुपवर, माझा म्हणून कुणाला माहीत नसलेल्या जुन्या नंबरवरून, कुणीतरी पाठवल्यासारखा सोडून दिला. वर लिहिलं — आपल्या रस्त्यावर सापडलेल्या मोबाईलमधली शूटिंग, आयाबहिणींना सावध करा.

कशाला? सिनेमाची जाहिरात होईल असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. मला एकदा, फक्त एकदा, लोक माझ्या हातानं भ्यायलेले बघायचे होते.

आणि बघितले. माझा मेसेज मी लगेच काढून टाकला, पण तोवर तो पुढं गेला होता. दुपारी लोक मोबाईल घेऊन माझ्याच दुकानात आले. किराणावाला, दोन मास्तर, एक बाई पोरीला कॉलेजला पाठवू का नको म्हणून विचारायला. सगळे तोच तुकडा मला दाखवत होते आणि मी तुकड्याकडं न बघता त्यांची तोंडं बघत होतो. गोड लागत होतं हो. मग एक मास्तर म्हणाले, "विलासभाऊ, तुम्ही तं शूटिंगवाले. मिक्सिंग हाय का खरं हाय, तुम्हाले लगेच समजते."

गावाकडं हे असंच असतं. गाडीचा आवाज मिस्त्रीनं ऐकायचा, दाण्याची ओल व्यापाऱ्यानं दातानं बघायची, आणि चित्र खरं की खोटं ते शूटिंगवाल्यानं सांगायचं. मी मोबाईल हातात घेतला. नाकाजवळ धरून दोनदा बघितल्यासारखं केलं. आणि म्हणालो, "खरं दिसते."

तुकडा पाठवला हे पाप आहेच. पण माझं पाप हे आहे — हे दोन शब्द. पाठवलेलं कुणी खोडून काढू शकलं असतं. सतरंजीवर बसून सिनेमा बघितलेले चारजण होते, पण मी म्हटल्यावर त्यांचं कोण ऐकणार?

सुखदेवभाऊच्या कानावर ते गेलं तेव्हा तो हसला म्हणे. मी तं हिरो झालो, असं म्हणाला. बाजाराच्या दिवशी नेहमीसारखी गाडी घेऊन आला. मी एका साखरपुड्याहून येत होतो, खांद्यावर कॅमेरा. बाजाराच्या तोंडाशी गर्दी दिसली. गाडीची काच फुटलेली होती आणि त्याला बाहेर ओढलेलं होतं. कुणाच्या हातात तराजूची दांडी, कुणाच्या हातात चप्पल.

मी काय केलं असेल? ओरडलो असेन? मधे पडलो असेन? मी कॅमेरा चालू केला.

त्यानं मला बघितलं. ओळखीचं माणूस दिसल्यावर चेहरा कसा सैल होतो, तसा झाला त्याचा. "विलासभाऊ," म्हणाला, "तुम्हाले माहीत हाय ना, सांगा ना या लोकायले. विलासभाऊ…" माझं त्यांनी ऐकलं असतं. माझंच ऐकून तर ते आले होते. पण सिनेमा आहे म्हणून सांगितलं, तर खरं दिसते कुणी म्हटलं होतं हेही तिथंच निघालं असतं. मी बोललो नाही. एका माणसाचं डोकं मधे येत होतं म्हणून थोडा डावीकडं सरकलो. एवढंच हललो मी.

पोलीस आले, गर्दी पांगली. काहीजणांना नेलं. तुकडा मुळात कुठून निघाला ते कळलं नाही, तोवर तो सगळ्या तालुक्याचा झाला होता. आणि खरं दिसते हे माझे शब्द कुणी काढले नाहीत, ते काढायचे तर बाजारात आपण कुठं होतो हेही सांगावं लागलं असतं.

सुखदेवभाऊला एका कानानं ऐकू येत नाही आता. उजवा हात कोपरापासून सरळ होत नाही, त्यामुळं गाडी गेली. हिवरा आश्रम गावी बहिणीकडं राहतात नवराबायको. आणि प्रमोदला वाटतं, हे त्याच्यामुळं झालं. काम केलेल्या सगळ्यांना त्यानं सिनेमा दिला होता, त्यातूनच कुठून तरी फुटला असं त्यानं धरलं. माझ्यावर संशय? त्याच्या मनालाही शिवला नाही. दवाखान्यात त्यानं सुखदेवभाऊच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "माह्या हातानं झालं." मी मागं उभा होतो, मोसंब्यांची पिशवी धरून. सुखदेवभाऊनं चांगला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. "जाऊ दे बे," म्हणाला, "काम तं मस्त झालतं आपलं."

आणि तेव्हा मला काय वाटलं, सांगू? हेवा. तेव्हाही. त्या हाताचा.

प्रमोदनं कॅमेऱ्याला परत हात लावला नाही. शेगावला एका लॉजच्या काउंटरवर असतो. मी गेलो की गर्दीतही खोली देतो, चहा मागवतो, आणि हटकून एकदा म्हणतो, माझ्यामुळं झालं. मी म्हणतो, जाऊ दे. चहा पितो.

त्या दिवसाचं शूटिंग माझ्याकडं आहे. कुणाला दाखवलेलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून कधीकधी लावतो. का बघतो? मी त्यात नाही हे बघायला, दुसरं काय. आणि मी नाहीच. पाहिजे तितकं मागंपुढं करा, माझं तोंड कुठं येत नाही. सुखदेवभाऊ येतो, माझं नाव घेतो, परत घेतो. उजेड चांगला होता. चित्र कुठंही हललेलं नाही.