साडूंचं तरस

ज्याच्या घरी पाहुण्यांपुढे फराळाच्या आधी लेंड्यांचा डबा उघडला जातो, असा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. डहाणू रोडला राहणारे हे गणिताचे निवृत्त मास्तर तलासरीकडच्या माळांवरचे जंगली प्राणी मोजतात. अभयारण्यातल्या प्राण्यांना सरकार आहे, चिकूच्या वाड्या आणि हायवेच्या मध्ये उरलेल्या गवताच्या तुकड्यांना कोण आहे, असं त्यांचं म्हणणं. पायाच्या ठशाशेजारी मापाला बायकोची बांगडी ठेवून ते फोटो काढतात. एका लग्नात तर भर पंगतीत त्यांनी खिशातून पुडी काढली आणि म्हणाले, "बघा, ससा." माझा जिलबीकडे गेलेला हात तसाच मागे आला.

गेल्या वर्षी त्यांच्या लाडक्या माळावर गोदामं बांधायचं ठरलं. मंजुरीच्या कागदावर ओळ होती, 'पडीक जमीन, वन्यप्राणी नाहीत.' ती खोडायला साडूंना तरसाचा फोटो हवा होता आणि हरकतीसाठी महिनाभराची मुदत होती. त्यांनी खांबाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. दर रविवारी मला ओढत नेऊन ते फोटो तपासत. त्यात शेळ्या निघत आणि गवत कापणाऱ्या बायका. कॅमेऱ्याचं कळल्यापासून त्या विळे बाजूला ठेवून, पदर सारखे करून ओळीने उभ्या राहत. साडू चिडत, त्यांना तिथून लांब जायला सांगत आणि मग स्टेशनजवळ तेच फोटो छापून आणत. चांगले आलेत, वाया कशाला घालवायचे, म्हणत.

मुदतीला पाच दिवस उरले असताना, असेच फोटो वाटताना त्या बायकांमधल्या लक्षीबाईने विचारलं की एवढं शोधताय तरी काय. साडूंनी पडेल आवाजात सांगितलं.

"तरस? ते तं नाल्यापल्याड ऱ्हातं. सकाळी येताना दिसतं आमाला," ती म्हणाली. "तुमी कदी इचारलाच नाय."

तीन वर्षं त्याच माळावर बांगडी घेऊन हिंडलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

कॅमेरा नाल्यापल्याड गेला आणि तिसऱ्या दिवशी तरस आलं, मागे पिल्लू. साडू चक्क रडले. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. हरकत दाखल झाली, प्राणी पाहिलेल्यांच्या यादीत पहिलं नाव लक्षीबाईचं. काम सध्या थांबलंय.

परवा साडूंनी तिला विचारलं, उद्या खरंच गोदामं उभी राहिली तर हे तरस कुठे जाईल?

तिने गवताचा भारा डोक्यावर घेतला. "गवत ऱ्हाईल तिथं. आमीबी तिथंच जाऊ."

साडूंनी सवयीने वही उघडली होती. तरसाच्या नोंदीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, 'गवत कापणाऱ्या बायका.'